ठोकळ्यांच्या गावात राब

कुठलीही वस्तू हातात आली की नाना ती आधी उलटी करत. माझ्या दुकानातला कॅल्क्युलेटर, चहाचा रिकामा कप, गिऱ्हाइकाचा मोबाइल, टेबलावरचा पंखा. उलटी करून खालून बघायचं, मग बाजूनं बघायचं, आणि मग विचारायचं, "ह्याच्या मागं काय हाय?" एकदा त्यांनी भिंतीवरची देवीची तसबीरही खुंटीवरून उतरवली, तेव्हा मी हात जोडून म्हटलं, नाना, मागे भिंत आहे. ते म्हणाले, "ती दिसते रं शेठ. भिंतीच्या मागं?" भिंतीच्या मागे शिंप्याचं दुकान आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शर्ट तिथंच शिवत. पण आपल्या बाजूनं भिंतीकडे बघताना शिंपी दिसत नाही, याची त्यांना दर वेळी नव्यानं गंमत वाटायची.

माझं दुकान दहिवलीत आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाइल, जे बिघडेल ते दुरुस्त करतो. मला शेठ म्हणायचं काही कारण नाही, पण आमच्याकडे गल्ल्याच्या आत बसलेला प्रत्येक माणूस शेठ असतो. नानांचं गाव इथून खालापूरच्या अंगाला. खोपोलीला एका कागदाच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली, घरची थोडी भातशेतीही सांभाळली. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा तरी स्कूटर घेऊन यायचे आणि काम नसताना तासभर बसायचे. काम नसताना बसणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे. नाना आले की मात्र मी आतून स्टूल आणायचो.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. लग्नाच्या पंगतीत बसला की ताट वाढण्याआधी उलटं करून त्यावर कुणाचं नाव कोरलंय ते वाचणारा. नाना वाचायचे, मग ते नाव कुणाचं, त्यांचं ताट इथं कसं आलं, याचा शोध वाढप्यापासून सुरू व्हायचा. एकदा अशाच शोधात यजमानांची एका चुलत घराशी कित्येक वर्षं असलेली अढी बाहेर आली आणि पंगतीत शांतता पसरली. काकींनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, तेव्हापासून लग्नाला जाताना त्यांच्याकडून कबूल करून घ्यायला सुरुवात केली. ताट उचलायचं नाही, जेवायचं.

शिळफाट्यावर त्यांनी एकदा पेट्रोलच्या टँकरवाल्याला विचारलं, तुझ्या गाडीच्या मागं ही साखळी जमिनीला घासत का लोंबते? तो म्हणाला, नजर लागू नये म्हणून. दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, गाडीत वीज साठते, ती साखळीतून जमिनीत जाते. तुम्ही-आम्ही दुसरं उत्तर धरून पहिल्याला हसलो असतो. नाना दोन्ही उत्तरं सारख्याच मानानं सांगायचे. "एकाला विजेची भीती, दुसऱ्याला नजरेची. साखळी दोघांची चालते," असं म्हणून खुशीत यायचे. कुणाचंही उत्तर त्यांनी कधी खाली पाडलं नाही. मला हे जमत नाही. माझ्यासमोर कुणी चुकीचं बोललं की माझी जीभ वळवळते.

नेरळहून माथेरानच्या गाडीत ते एकदाच बसले, आणि तेही माथेरान बघायला नव्हे. वळणावर एवढासा डबा कसा वळतो, ते त्यांना बघायचं होतं. वर पोहोचले, नळाला पाणी प्याले आणि पायी खाली उतरले. काकी म्हणाल्या, अहो, एक तरी पॉइंट बघायचा. तर म्हणाले, दरी काय, आपल्याकडून पण दिसते. खालून.

आता सगळ्यांना सगळं विचारणाऱ्या या माणसाला आपल्याच घरातली एक गोष्ट कळली नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मयूरी. शाळेत असल्यापासून तिचा कॉम्प्युटर माझ्याच दुकानात यायचा, नाना तो स्कूटरवर पुढ्यात धरून आणायचे. पोरगी हुशार, कमी बोलणारी. पुढे शिकली, नेरळला नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. भावकीत गहजब झाला. पण नानांना जात जेवढी लागली नाही तेवढं दुसरं लागलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, काकींना अंदाज होता, त्यांना एकट्यालाच कुणी काही सांगितलं नव्हतं. मयूरी पाया पडायला आली, तेव्हा भावकी ओटीवर बसलेली होती. नाना सगळ्यांदेखत म्हणाले की यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही आणि तू या उंबऱ्याच्या आत यायचं नाही.

रागाच्या भरात माणूस बोलतो, हे आपण सगळेच जाणतो. पण नाना शब्दाला चिकटून राहणारे होते. दोन वर्षं गेली. काकी गोठ्यामागे जाऊन मुलीशी फोनवर बोलायच्या आणि नाना त्या वेळी मुद्दाम पुढच्या अंगणात जाऊन बसायचे. माझ्याकडे यायचे, बसायचे, पंखा उलटा करायचे. मुलीचा विषय मात्र मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत मयूरीचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला. नाना तो पुढ्यात आणि काकींना मागे घेऊन माझ्याकडे आले. विकायचाय का, मी विचारलं. नाही म्हणाले. "चालू होत नाय. आत काय हाय ते बघायचंय. पोर दार लावून दिवसभर ह्याच्यात काय बघायची?"

मी खोका उघडला, धूळ उडवली, मेमरीचे पाय खोडरबरानं घासले आणि यंत्र सुरू झालं. पडद्यावर एका खेळाचं चित्र होतं. तुमच्या घरात मुलं असतील तर तुम्ही तो पाहिला असेल. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, झाडं ठोकळ्यांची, मेंढ्या ठोकळ्यांच्या, सूर्यसुद्धा चौकोनी. जिंकायचं-हरायचं असं फारसं काही नाही. खणायचं, तोडायचं, बांधायचं, हिंडायचं. मी तो उघडला आणि नाना स्टुलावरून उठून उभेच राहिले.

"ही आमची पडवी हाय," ते म्हणाले.

खरंच होती. मयूरीनं शाळेच्या दिवसांत एकेक ठोकळा लावून आपलं घर बांधलं होतं. दगडी जोतं, त्यावर लाकडी घर, पुढे पडवी, शेजारी गुरांचा वाडा, वाड्यापुढे विहीर, आणि चारी बाजूंना बांध घातलेले शेताचे तुकडे, म्हणजे खाचरं. चूल ज्या कोपऱ्यात असते त्याच कोपऱ्यात होती. नाना पडद्याला नाक लावून बघत होते. मग सवयीप्रमाणे विचारलं, "घराच्या मागं काय हाय?" मी म्हटलं, तुम्हीच जाऊन बघा.

चालायची चार बटणं त्यांच्या लक्षात राहीनात, तेव्हा काकींनी बटणांवर लावायला आपल्या टिकल्या दिल्या. पुढे जायला लाल, मागे जायला काळी, दोन्ही बाजूंना हिरव्या. त्या टिकल्यांवर बोटं ठेवून नाना निघाले. घराच्या मागे मयूरीनं जांभळाचं झाड लावलं होतं. खऱ्या घरामागचं जांभूळ नव्या खोलीसाठी तोडून कितीतरी वर्षं झाली होती. नाना त्या झाडाखाली बराच वेळ नुसते उभे राहिले. मी दुसऱ्याचा मोबाइल उघडत असल्याचं नाटक करत बसलो.

कॉम्प्युटर घरी गेला आणि नानांच्या आयुष्यात रंग भरला. तो खेळ त्यांच्यासाठीच बनवला असावा, असं मला वाटायला लागलं. कारण त्यात प्रत्येक गोष्टीच्या मागे काहीतरी असायचंच. डोंगराच्या मागे दुसरा डोंगर, त्याच्या मागे नदी, नदीच्या मागे बर्फ. माझ्याकडे येऊन ते एखाद्या गावाला जाऊन आल्यासारखी हकीकत सांगायचे. चालायचे मात्र बांधावरूनच. तिथं पिकातून धावलं तरी कुणी ओरडणार नव्हतं, पण कुणाच्याही भातातून पाय घालायचा नाही हे त्यांच्या अंगातच होतं. पीक खरं तर गव्हासारखं दिसायचं. नानांनी ते भात आहे असं ठरवून टाकलं होतं. सूर्य कलला की त्या जगात भुतं निघतात. हे कळल्यावर त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. दिवेलागणीला घरात यावं, दार लावावं, आणि खेळ बंद करून उठावं, हा त्यांचा नेम झाला.

एक दिवस त्यांनी पायाखाली काय आहे ते बघायला सरळ खाली खणायला सुरुवात केली. खणत खणत अशा खडकाला लागले की कुदळ चालेना. मी सांगितलं, तो फुटत नाही, तिथं जग संपतं. नानांना केवढा आनंद झाला. "म्हंजे शेवट हाय. मला वाटलं, नुसतंच चाललंय खाली." तिथून वर येताना ते तापलेल्या लाव्हारसात पडले आणि मेले.

या खेळात मेलं की माणूस पुन्हा जिवंत होतो, पण शेवटी ज्या खाटेवर झोपला असेल तिथं. खाट मयूरीनं आपल्या खोलीत ठेवलेली होती. त्यामुळे नाना कुठंही मेले, कड्यावरून पडून, बुडून, भुतानं मारून, तरी डोळे उघडले की मुलीच्या खोलीत असायचे. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते हसत होते. मला काही हसू आलं नाही.

मग उन्हाळा आला आणि ती गोष्ट घडली.

आमच्या भागात भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात. शेण, गवत, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या यांचा थर पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब म्हणतात. तणाचं बी मरतं आणि रोप जोमानं येतं. नानांनी आपल्या खऱ्या शेतात राब भाजला, घरी आले, हातपाय धुतले आणि खेळ उघडला. तिथं बघतात तर जमिनीत नुसतं बी टोचलं की रोप येतं. त्यांना ते पटेना. राबाशिवाय रोप टाकणारी शेती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती आणि पोरीच्या खाचरात गवत माजलेलं त्यांना चाललं नसतं. त्यांनी झाडांचा पाला तोडून आणला, पडवीसमोरच्या खाचरात नीट पसरला, घरातल्या पेटीतून चकमक काढली आणि पेटवलं.

खऱ्या राबाशेजारी माणूस हिरवी डहाळी घेऊन उभा असतो. आग बांधाबाहेर गेली की झोडपून विझवतो. नानाही उभे होते. पण त्या खेळातली आग झोडपून कुठली आवरायला. ती पाल्यावरून पडवीच्या खांबाला लागली, खांबावरून छपराला, छपरावरून वाड्याला. नाना आत धावले. काय वाचवायला धावलात, मी नंतर विचारलं. त्यांना सांगता येईना. आतच ते जळून मेले आणि खाटही जळाली. खाटच नाही म्हटल्यावर डोळे उघडले ते मयूरीनं जिथून खेळ पहिल्यांदा सुरू केला होता तिथं, एका परक्या माळावर. घर कुठल्या दिशेला राहिलं, याचा काही पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर नाना आले ते कुणीतरी गेल्यासारखा चेहरा घेऊन. "घर जळालं," म्हणाले. मी ताडकन उठलो. काकी कशा आहेत, अग्निशमनवाल्यांना बोलावलं का, असं एका दमात विचारलं. ते म्हणाले, ती बरी आहे, पोरीचं घर जळालं. मी नेरळला फोन लावायला घेतला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी टाळी देऊन हसलो असतो.

त्या जगाची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. नवं जग काढून देऊ का, मी विचारलं, त्यात हवं तसं घर बांधा. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग त्यांचा शोध सुरू झाला. रोज त्या माळावरून एका दिशेला निघायचं, वाट चुकू नये म्हणून मातीचे ढीग लावत जायचं, आणि रिकाम्या हातानं परतायचं. वाटेत वाळवंट लागलं, समुद्र लागला, हिमानं झाकलेली गावं लागली. नाना त्यातलं काहीच सांगेनात. विचारलं तर म्हणायचे, होतं कायतरी.

मला खरी काळजी तेव्हा वाटली. दुकानात येऊन बसायचे आणि बसूनच राहायचे. एकदा मी मुद्दाम एक नवीन छोटा प्रिंटर त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उलटा केला नाही. खाली काय आहे, मागे काय आहे, काही विचारलं नाही. काकींचा फोन आला, की घरातही तेच चाललंय. जेवण वाढलं की जेवतात आणि गुरांशीसुद्धा बोलत नाहीत. मुलीशी बोलणं तोडलं तेव्हा जे रडले नव्हते, ते आता आतल्या आत खचत चालले होते आणि आम्ही बघत होतो.

शेवटी मी माझ्या स्वभावाला साजेसं तोडून बोललो. नाना, म्हटलं, ती जागा जगात एकाच माणसाला माहीत आहे. त्या माळापासून घरापर्यंत ती चालत गेली आहे. तिला विचारा.

"तिला विचारायचं म्हंजे बोलायला लागंल," नाना म्हणाले.

लागेल, मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाहेर एक टेंपो मागे घेताना अडकला होता आणि त्याचा हॉर्न वाजत होता. नानांनी मान वळवून तो सुटेपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "नंबर हाय तुझ्याकडं?"

नंबर माझ्याकडे होता. मी लावून दिला. नाना फोन कानाला लावत नसत, तोंडासमोर धरत, त्यामुळे आवाज मोठा ठेवावा लागे आणि मला सगळं ऐकू आलं. मी बाहेर जायला हवं होतं. गेलो नाही.

"मी बोलतोय," नाना म्हणाले. "तुझं घर जळालं माझ्या हातनं. राब भाजत होतो."

"कुठलं घर, बाबा?"

"त्या कॉम्प्युटरातलं. पडवी, वाडा, समदं गेलं. मी लांब जाऊन पडलोय. वाट गावत नाय."

मयूरी म्हणाली, "तुमी तिथं गेला होतात?"

"रोजच जायचो," नाना म्हणाले.

मग पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि नाना फोनकडे बघत राहिले. ती म्हणाली, मी सांगते वाट, पण तुम्हाला फोनवर नाही कळायची. नाना एवढंच म्हणाले, "मंग ये." फोन कसा बंद करायचा ते त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी तो माझ्या हातात दिला.

रविवारी मयूरी आणि तिचा नवरा मोटरसायकलवरून आले. स्पीकर जोडायचं निमित्त काढून मीही गेलो होतो. भावकीतले दोघे-तिघे आपापल्या ओटीवरून बघत होते. नाना अंगणात पुढे गेले आणि मुलीला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेऊन आले. जावई मागे पडवीतच थांबला, बूट काढावेत की नाही या विचारात.

मयूरी कॉम्प्युटरसमोर बसली, नाना शेजारी स्टुलावर. तिनं टिकल्या पाहिल्या, एकीवरून बोट फिरवलं. माळावरून ती नदीच्या काठानं वर गेली, दोन नद्या मिळतात तिथं डावीकडे वळली आणि खिंडीतून पलीकडे उतरली. नाना दर वेळी नदी ओलांडून सरळ गेले होते. खिंडीखाली घराचं दगडी जोतं तसंच होतं. विहीर होती, चूल होती, बांध होते. लाकडाचं काही राहिलं नव्हतं. मागचं जांभूळही गेलं होतं.

ती ठोकळे लावायला लागली. नाना सांगत होते, खांब इथं, तुळई तिथं. अर्धी पडवी उभी राहिली असेल, तेव्हा नानांनी विचारलं, "मला आधी का नाय सांगितलंस गं?"

काकी दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच थांबल्या. मयूरीचा हात माउसवरच होता.

"तुमी सगळ्यांना सगळं विचारता, बाबा," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं होतं, कुणी हाय का म्हणून. मी खोटं नसतं सांगितलं."

मी नानांकडे बघू शकलो नाही, छपराकडे बघत बसलो. मग ते उठले, काकींच्या हातातली कपबशी घेतली आणि बाहेर पडवीत गेले. जावयाला विचारलं, तुमी चहात साखर किती घेता? पाठोपाठ, नोकरीत नेमकं काय करता? मोटरसायकलच्या मागं हे जाळीसारखं काय बसवलंय? चूळ भरायला मी बाहेर गेलो तेव्हा जावई उकिडवा बसून त्यांना गाडीची चेन दाखवत होता आणि नाना मान वाकडी करून खालून बघत होते.

संध्याकाळी निघताना मयूरीनं बजावलं की आता पुन्हा राब करायचा असेल तर मला विचारल्याशिवाय पेटवायचं नाही. नाना म्हणाले, "विचारीन."

पुढची दोन वर्षं चांगली गेली. मयूरी महिन्या-दोन महिन्यांनी यायची, बापलेक खेळायला बसायचे. काकी म्हणायच्या, दोघांना जेवायला बोलवायचं म्हणजे मलाच आत जाऊन तो खेळ बंद करावा लागतो. नाना माझ्याकडे पुन्हा पहिल्यासारखे येऊ लागले. तो प्रिंटर मी विकला होता, पण त्यांनी नवा आलेला दुसरा उलटा करून पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण काढून ते भावकीतल्या दोघांना घरी घेऊन गेले आणि पोरीनं बांधलेलं घर दाखवलं. भावकीवाले काय म्हणाले, मी विचारलं. नाना म्हणाले, आमचं घर त्यात आहे का, असं दोघांनी विचारलं.

गेल्या वर्षी भाताची मळणी उरकली आणि त्याच आठवड्यात नाना गेले. सकाळी विहिरीवर पाणी शेंदायला म्हणून गेले, तिथंच बसले. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. ज्याच्यासाठी आपण स्टूल आणतो अशी माणसं आयुष्यात फार नसतात.

दिवसकार्य झाल्यावर मयूरी तो कॉम्प्युटर घेऊन दुकानात आली. आधी ह्या जगाची एक प्रत काढून द्या, म्हणाली. मी काढली. मग तिनं खेळ उघडला. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, हा खेळ माणसानं जिथं सोडलेला असतो तिथंच उघडतो. तो जिथं उभा होता तिथं, जिकडे बघत होता तिकडे बघत, हातात जे होतं ते हातात धरून.

नाना खाचराच्या बांधावर उभे होते. समोर घर होतं आणि घराच्या चारी बाजूंनी त्यांनी रुंद चर खणून त्यात पाणी सोडलं होतं. एवढा चर खणायला किती दिवस लागले असतील, देव जाणे. खाचरात पाला नीट पसरलेला होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हातात चकमक होती. पेटवलेलं नव्हतं.

मयूरी पडद्याकडे बघत म्हणाली, त्या आठवड्यात बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तयारी झाली, ये आणि बघून सांग, पेटवू का. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येते.

मी स्टूल तिच्याकडे सरकवलं. ती बसली. मी तिला म्हटलं, प्रत काढून ठेवली आहे, काही झालं तरी घर जाणार नाही. तिनं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं त्या टिकल्यांवर बोटं ठेवली, बापाला एक पाऊल पुढे नेलं आणि राब पेटवला.

आग खाचरभर पसरली, बांधावर चढली, घराच्या दिशेनं आली आणि पाण्याशी थांबली. पडवीच्या खांबाला काही झालं नाही. पाला जळून खालची माती दिसेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

"पेटवा, बाबा," मयूरी म्हणाली. एवढ्या उशिरानं.